पंधरा तासांत चंद्र

वंदे भारत एक्स्प्रेसची सुधारित गाडी २०२२ साली रुळांवर आली, तेव्हा तिच्याविषयी एक आकडा जाहीर झाला होता: उभ्या गाडीला ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला ५२ सेकंद लागतात. नववीच्या वहीत उतरवून घ्यावा असा हा आकडा आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. त्याला ५२ ने भागलं की त्वरण मिळतं: ०.५३ मीटर प्रति सेकंद². दर सेकंदाला वेगात जेमतेम अर्ध्या मीटरची भर पडते, त्यामुळे डब्यातल्या प्रवाशाच्या कपातला चहाही सांडत नाही. या ५२ सेकंदांत सरासरी वेग २७.८ च्या निम्मा, म्हणजे १३.९ मीटर, आणि गाडीने तोडलेलं अंतर सुमारे ७२० मीटर. फलाट संपून गाडी नुकती पुढे सरकली आहे.

परीक्षेतला प्रश्न इथे संपतो. आपण गाडी थांबवू नये. रूळ, हवा, वीज यांची चिंता सोडून तेवढंच सौम्य त्वरण चालू ठेवायचं. दहा मिनिटांनी वेग ताशी १,१५० किलोमीटर होतो, म्हणजे विमान मागे पडतं, आणि अंतर झालेलं असतं ९६ किलोमीटर. तासाभराने वेग ताशी ६,९०० किलोमीटरच्या पुढे आणि अंतर सुमारे ३,४६० किलोमीटर. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे, तेव्हा काश्मीरहून निघालेली गाडी तासाच्या आत कन्याकुमारी ओलांडून समुद्रावर गेली. पूर्ण दिवस असाच काढला तर अंतर भरतं २० लाख किलोमीटर. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. त्याच्या पाचपटीहूनही हे जास्त झालं.

मग चंद्रावरच जाऊ. अर्ध्या वाटेपर्यंत ०.५३ ने वेग वाढवायचा आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत तेवढ्याच दराने कमी करायचा, म्हणजे गाडी चंद्रापाशी अलगद थांबेल. पृथ्वीची ओढ हिशेबाबाहेर ठेवतो, ०.५३ हे सगळी वजाबाकी करून उरलेलं निव्वळ त्वरण आहे असं धरू. अर्धं अंतर १,९२,२०० किलोमीटर. ते कापायला ७ तास २७ मिनिटं लागतात. त्या क्षणी वेग असतो सेकंदाला १४ किलोमीटरहून थोडा जास्त. उरलेल्या अर्ध्यालाही तेवढाच वेळ. एकूण १४ तास ५४ मिनिटं. संध्याकाळी पाचला निघालात तर सकाळी आठला चंद्रावर.

अपोलो ११ ला जुलै १९६९ मध्ये चंद्राच्या कक्षेत पोचायला तीन दिवस लागले होते. चंद्रयान-३ ने १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोटा सोडलं आणि २३ ऑगस्टला ते चंद्रावर उतरलं, चाळीस दिवसांनी. अग्निबाणाचं त्वरण रेल्वेच्या कितीतरी पट असूनही हे असं होतं. कारण साधं आहे. अग्निबाण ते त्वरण फार थोडा वेळ टिकवू शकतो. अपोलोला चंद्राच्या दिशेने ढकलणारं इंजिन जेमतेम सहा मिनिटं जळलं. त्यानंतरचे तीन दिवस यान इंजिन बंद ठेवून चाललं होतं आणि पृथ्वी मागे ओढत असल्याने त्याचा वेग बहुतेक वाटभर कमीच होत गेला.

त्वरण किती मोठं, यापेक्षा ते किती वेळ टिकलं याला गतीच्या गणितात जास्त मान आहे. शाळेत आपण अंतराचं समीकरण पाठ करतो: त्वरण गुणिले काळाचा वर्ग, आणि त्याचं निम्मं. त्यात त्वरणाला एक घात आणि काळाला दोन. त्वरण दुप्पट केलं तर अंतर दुप्पट होतं. काळ दुप्पट केला तर चौपट. या एका वर्गात केवढा अवकाश सामावला आहे हे पुस्तकातली उदाहरणं कधी दाखवत नाहीत, कारण तिथल्या मोटारी दहा सेकंदांत थांबतात आणि दगड तीन सेकंदांत विहिरीत पडतात. मुलांना हा भाग रुक्ष वाटतो तो यामुळे, असं मला मनापासून वाटतं. समीकरणं तीच ठेवून फक्त आकडे बदलले, तर याच धड्यातून थेट ताऱ्यांपर्यंत जाता येतं.

हा वर्ग पहिल्यांदा प्रयोगाने पकडला गॅलिलिओने. सरळ पडणारी वस्तू फार झपाट्याने पडते आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सेकंद अचूक मोजणारं घड्याळ नव्हतं. म्हणून त्याने उतरत्या फळीत खोबण कोरली, तीतून कांस्याची गोळी सोडली आणि वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने गळणारं पाणी गोळा करून तोललं. १६३८ साली लायडनला छापल्या गेलेल्या त्याच्या शेवटच्या ग्रंथात तो सांगतो की हा प्रयोग त्याने शंभर शंभर वेळा केला. निघालेला नियम असा, की समान कालखंडांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात. मोकळ्या पडणाऱ्या दगडाला लावून पाहा: पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५. बेरीज करत गेलं की १, ४, ९, १६ हे वर्ग आपोआप उभे राहतात.

पण गॅलिलिओच्या आधी तीनशे वर्षं ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांनी यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट केवळ विचाराने शोधून ठेवली होती. वेग एकसारखा वाढत असेल तर अंतर काढायला सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगांची सरासरी घ्यायची आणि काळाने गुणायचं. थोड्याच वर्षांनी फ्रान्समध्ये निकोल ओरेमने त्याची आकृती काढून सिद्धता दिली. एका बाजूला काळ, दुसऱ्या बाजूला वेग, वर चढत गेलेली तिरपी रेघ आणि तिच्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. आज नववीच्या पुस्तकात वेग-काल आलेखावरून समीकरण सिद्ध करताना जो समलंब चौकोन आपण काढतो, तो चौदाव्या शतकातला आहे.

उदाहरणं सोडवताना अडकणाऱ्या मुलांना मी तीन समीकरणांच्या आधी ही सरासरी सांगेन. अडचण बहुधा गणिताची नसते, 'कोणतं सूत्र वापरू' याची असते. खेळ मात्र पाचच राशींचा आहे: सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग, त्वरण, काळ, विस्थापन. प्रश्न वाचताना यांतल्या तीन हाती लागतात, कधी 'विराम अवस्थेतून' किंवा 'थांबते' अशा शब्दांत शून्य लपवून. तीन मिळाल्या की उरलेल्या दोन निघतातच. सुरुवातीला एक दिशा धन ठरवायची आणि शेवटपर्यंत तिला सोडायचं नाही.

उत्तर ऋण आलं तर तेही घाईने खोडू नये. १४.७ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला ९.८ मीटर वेगाने वर फेकला, तो जमिनीवर कधी पडेल? वर्गसमीकरण दोन उत्तरं देतं: ३ सेकंद आणि उणे १ सेकंद. मुलं दुसरं काट मारून टाकतात, पण ते निरर्थक नाही. हाच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर फेकला असता, तर आता याच गच्चीपाशी याच वेगाने वर जाताना दिसला असता. समीकरणाला गच्चीवरचा माणूस माहीत नाही. त्याला फक्त मार्ग माहीत आहे, आणि ते तो मार्ग दोन्ही टोकांपर्यंत दाखवतं.

आता रेल्वेच्या अगदी उलट टोकाला जाऊ. हायड्रा आपल्याला जीवशास्त्राच्या पुस्तकात भेटतो: गोड्या पाण्यातला, काही मिलिमीटर लांबीचा, शुंडकांवर दंशपेशी असलेला जीव. भक्ष्याचा स्पर्श झाला की त्या पेशीतून सूक्ष्म काटा सुटतो. २००६ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हा क्षण टिपला. काटा बाहेर पडायला ७०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. सरासरी वेग सेकंदाला १८.६ मीटरपर्यंत. त्यावरून त्यांनी दिलेलं त्वरण आहे गुरुत्व त्वरणाच्या ५४ लाख १० हजार पट.

हा आकडा वाचून दडपून जाण्याआधी वही पुढे ओढा. सरासरी वेग १८.६ मीटर आणि काळ ७०० नॅनोसेकंद, तर अंतर १३ मायक्रोमीटर. ते दुप्पट करून काळाच्या वर्गाने भागा. उत्तर येतं सुमारे ५.३ कोटी मीटर प्रति सेकंद². त्याला ९.८ ने भागा: ५४ लाख. नामवंत शोधनियतकालिकातला तो थक्क करणारा आकडा नववीच्या दुसऱ्या, म्हणजे अंतराच्या, समीकरणातून पडताळून पाहता येतो. एकसमान त्वरण धरलं, तर सुटताना काट्याचा वेग सरासरीच्या दुप्पट, सेकंदाला ३७ मीटर, म्हणजे ताशी १३४ किलोमीटर असतो.

आणि हे वंदे भारतच्या शेजारी ठेवा. गाडीचं त्वरण गुरुत्व त्वरणाच्या साधारण अठराव्या भागाइतकं आहे. हायड्राच्या काट्याचं त्वरण तिच्या दहा कोटी पट. पण ताशी १३४ किलोमीटरचा वेग गाडीही गाठते, ७० सेकंदांत. दहा कोटी पट त्वरण वापरून हायड्राने कमावला तो फक्त वेळ: ७० सेकंदांच्या जागी ७०० नॅनोसेकंद, बरोबर दहा कोटी पट कमी. शेवटचा वेग दोघांचा सारखाच.

या दोन टोकांच्या मध्ये बरीच गर्दी आहे. पिकांचा रस शोषणारा फ्रॉगहॉपर नावाचा किडा आपल्या तुडतुड्यांच्या नात्यातला. त्याची उडी केंब्रिजच्या माल्कम बरोज यांनी मोजली आणि २००६ साली प्रसिद्ध केली: मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात सेकंदाला ४.७ मीटरपर्यंत वेग, त्वरण ५,४०० मीटर प्रति सेकंद², म्हणजे साडेपाचशे जी. (एक जी म्हणजे पृथ्वीवरचं गुरुत्व त्वरण.) तिसऱ्या, म्हणजे वेगाचा वर्ग, त्वरण आणि अंतर जोडणाऱ्या, समीकरणात घालून पाहिलं की कळतं, हा सगळा वेग तो दोन मिलिमीटर अंतरात कमावतो. लहान जीवांची त्वरणं प्रचंड असतात ती यामुळे. पाय लहान, म्हणून ढकलायला मिळणारं अंतर लहान. तेवढ्यात वेग घ्यायचा तर त्वरण मोठंच हवं.

पडण्याचं पाहू. एक मीटर उंचीवरून दगड सोडला तर पृथ्वीवर तो ०.४५ सेकंदात खाली येतो, चंद्रावर १.१ सेकंदात. ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदम टेकली, आणि ते सावकाश पडणं साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. बेनू नावाचा लघुग्रह अर्धा किलोमीटर व्यासाचा आहे. त्याच्यावरची माती २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली गेली. तिथे तोच दगड एक मीटर पडायला अडीच मिनिटांहून जास्त घेईल आणि टेकेल तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सव्वा सेंटिमीटर असेल. उलट न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर गुरुत्व त्वरण साधारण एक लाख कोटी मीटर प्रति सेकंद² असतं. तिथे एका मीटरला लागतात १.४ मायक्रोसेकंद आणि टेकताना वेग असतो सेकंदाला १,४०० किलोमीटर. अंतर चारही ठिकाणी तेच, एक मीटर.

प्रश्नपत्रिकेत या उदाहरणांखाली एक ओळ असते: हवेचा विरोध दुर्लक्षित करा. ही ओळ केवढी मोठी सवलत आहे, ते पावसाळ्यात डोक्यावर पडणारा प्रत्येक थेंब सांगतो. दोन किलोमीटर उंचीच्या ढगातून निघालेला थेंब हवा नसती तर सेकंदाला १९८ मीटर, ताशी सुमारे ७१० किलोमीटर वेगाने आदळला असता. प्रत्यक्षात मोठ्यातला मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेग धरतो आणि मग त्याचा वेग वाढतच नाही, कारण हवेचा विरोध वजनाइतका होतो आणि त्वरण शून्यावर येतं. वेग बावीसपट असता तर त्याच थेंबाची ऊर्जा जवळजवळ पाचशेपट असती. आषाढात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर माणसं आणि झाडं उभी राहू शकतात ती एकसमान त्वरण मोडलं म्हणून.

दुसरी सवलत म्हणजे 'एकसमान' हाच शब्द. १० डिसेंबर १९५४ ला न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर अमेरिकी हवाईदलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप रॉकेट बसवलेल्या घसरगाडीत स्वतः बसले. पाच सेकंदांत गाडी ताशी १,०१७ किलोमीटर वेगाला पोचली आणि १.४ सेकंदांत थांबली. आपलं समीकरण म्हणतं: सेकंदाला २८२ मीटर भागिले १.४, म्हणजे २०० च्या वर, सुमारे साडेवीस जी. पण त्यांच्या शरीराने सोसलेला सर्वांत मोठा झटका मोजला गेला तो ४६.२ जी. सरासरीच्या दुपटीहून जास्त. ब्रेक सगळीकडे सारखा लागत नाही आणि शरीराला इजा होते ती सर्वांत वाईट क्षणी. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ त्यांना दिसेनासं झालं, पण ते बरे झाले आणि पुढे मोटारींत सीटबेल्ट यावेत म्हणून आयुष्यभर झटले.

तिसऱ्या समीकरणात वेगाचा वर्ग आहे आणि तो रस्त्यावर फार कठोरपणे वागतो. ताशी १०० किलोमीटर हा पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर रोजचा वेग. मोकळं पडून हाच वेग मिळवायचा तर ३९ मीटरवरून, म्हणजे तेराव्या मजल्यावरून पडावं लागतं. गाडी भिंतीवर आदळून तिचा पुढचा भाग साठ सेंटिमीटर चेपला, तर प्रवाशाचं सरासरी मंदन ६५ जीच्या वर जातं, स्टॅपनी सोसलेल्या सरासरीच्या तिप्पट. आणि ब्रेक लावून थांबायचं तर, टायरची पकड चांगली धरून मंदन ७ मीटर प्रति सेकंद² मानलं, तरी ५० च्या वेगाला १४ मीटर लागतात, १०० च्या वेगाला ५५ आणि १२० ला ७९. शंभरावरून एकशेवीसवर जाताना वेग पाचव्या हिश्शाने वाढला, पण थांबायला चोवीस मीटर जास्त. हे गणित वाहन परवान्याच्या परीक्षेत का विचारत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता अवकाश. रेल्वेच्या ०.५३ ऐवजी पूर्ण १ जी, ९.८ चं त्वरण धरलं, तर यानातला माणूस घरात उभा राहतो तसा उभा राहील. निम्मी वाट वेग वाढवत, निम्मी कमी करत. चंद्र साडेतीन तासांवर येतो. सूर्याइतकं अंतर, १५ कोटी किलोमीटर, तीन दिवसांच्या आत. नेपच्यून साडेपंधरा दिवसांत. व्हॉयेजर-२ ऑगस्ट १९७७ मध्ये निघालं आणि ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनपाशी पोचलं, बारा वर्षांनी. नेपच्यून चंद्रापेक्षा अकरा हजार पटींहून जास्त दूर आहे, पण वेळ लागतो फक्त शंभराहून थोडा जास्त पट, कारण वेळ अंतराच्या वर्गमुळाने वाढतो. काळाच्या वर्गाचीच ही दुसरी बाजू.

हे आपण करत नाही, कारण त्वरण टिकवायला इंधन लागतं आणि ते इंधनही वाहून न्यावं लागतं. द्रवरूप हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनातून वायू सेकंदाला साडेचार किलोमीटर या वेगाने बाहेर पडतो, रासायनिक इंधनाची झेप साधारण एवढीच. १ जीने साडेतीन तास चालायचं तर वेगातला एकूण बदल होतो सेकंदाला १२३ किलोमीटर. त्सिओलकोव्हस्कीच्या अग्निबाणाच्या समीकरणात हे घातलं की कळतं, एक टन यान चंद्रावर न्यायला निघताना वजन हवं ७० हजार कोटी टन. वंदे भारतच्या त्वरणाने गेलं तर वेगातला बदल २८.७ किलोमीटर आणि सुरुवातीचं वजन साधारण ५८० टन. चंद्रयान-३ ला घेऊन निघालेल्या एलव्हीएम-३ अग्निबाणाचं उड्डाणावेळचं वजन ६४० टन होतं. त्वरण अठरा पटींनी कमी केल्यावर वजन शंभर कोटी पटींहून जास्त घटतं, हे पाहून मी तरी आकडेमोड पुन्हा तपासली. ती बरोबर आहे. पृथ्वीच्या ओढीवर मात करण्याचा खर्च अर्थात यात नाही.

चिकाटीचं त्वरण प्रत्यक्षात वापरणारं यान होऊन गेलं आहे. नासाचं डॉन सप्टेंबर २००७ मध्ये निघालं. त्याच्या आयन इंजिनाचा जास्तीत जास्त रेटा ९१ मिलिन्यूटन, तळहातावर ठेवलेल्या नऊ ग्रॅम वजनाचा जेवढा भार वाटेल तेवढा. यान बाराशे किलोहून थोडं जास्त वजनाचं. त्वरण आलं ०.००००७५ मीटर प्रति सेकंद², बेनूवर दगड पडतो साधारण त्याच बेताचं. या इंजिनाला ताशी शून्यापासून शंभर किलोमीटर गाठायला चार दिवसांहून जास्त लागत. पण एकूण ५.९ वर्षं ते चालू राहिलं आणि यानाच्या वेगात सेकंदाला साडेअकरा किलोमीटरचा बदल करून दाखवला. त्या जोरावर डॉन आधी २०११ मध्ये वेस्टा या लघुग्रहाभोवती फिरलं, तिथून निघालं आणि २०१५ मध्ये सेरेस या बटुग्रहाच्या कक्षेत शिरलं.

१ जी टिकवताच आला, तर पुढे काय? प्रकाशाच्या वेगाला ९.८ ने भागा. उत्तर येतं ३ कोटी ६ लाख सेकंद, म्हणजे ३५४ दिवस. नववीचं समीकरण सांगतं की वर्ष पुरं व्हायच्या आत आपण प्रकाशाला गाठू. सृष्टी तसं करू देत नाही, आणि समीकरण नेमकं कुठे निसटतं ते पाहणं मला सगळ्यात आवडतं. १ जीने एक तास चाललेलं यान पृथ्वीवरच्या घड्याळाने ६३,५०० किलोमीटर जातं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार नेमकं अंतर काढलं तर शाळेचं उत्तर २२ सेंटिमीटरने जास्त आलेलं असतं. साडेत्रेसष्ट हजार किलोमीटरला एक वीत. एका दिवसाने अंतर ३ कोटी ६६ लाख किलोमीटर आणि चूक ७३ किलोमीटर. ३५४ दिवसांनी मात्र शाळेचं समीकरण प्रकाशाचा पूर्ण वेग सांगतं आणि खरा वेग त्याच्या ७१ टक्केच असतो.

शिवाय यानातलं घड्याळ पृथ्वीच्या घड्याळाच्या अधिकाधिक मागे पडत जातं. निम्मी वाट वेग वाढवत, निम्मी कमी करत, प्रवाशाला सतत घरच्यासारखं वजन. अशा प्रवासात सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा, सव्वाचार प्रकाशवर्षांवर असूनही यानातल्या माणसासाठी साडेतीन वर्षांवर असतो. २६ हजार प्रकाशवर्षांवरचं आकाशगंगेचं केंद्र वीस वर्षांवर. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिथे पोचायला त्याला साडेअठ्ठावीस वर्षं लागतील. पंचविशीत निघालेली प्रवासी चौपन्नाव्या वर्षाच्या आत तिथे उतरेल.

इंधनाचा हिशेब इथेही सुटत नाही. कल्पनेतलं सर्वोत्तम इंजिन घेऊ: त्यातल्या इंधनाचा प्रत्येक कण पूर्णपणे प्रकाशात बदलतो आणि तो सारा प्रकाश मागे फेकला जातो. याहून चांगलं इंजिन भौतिकशास्त्राला ठाऊक नाही. तरी एक टन यान देवयानीपाशी नेऊन थांबवायचं, तर निघताना त्याचं वजन साडेसहा लाख कोटी टनांच्या वर हवं. ज्यावर दगड एक मीटर पडायला अडीच मिनिटं घेतो, तो बेनू सव्वासात कोटी टनांच्या थोडा वर भरतो. असे सुमारे ९० हजार बेनू इंधन म्हणून सोबत घ्यावे लागतील.